परमुलखातली चिल्लर

लेकरांनो, परदेशात माणसाचं डोकं फिरतं ते मोठ्या रकमेवरून नाही. विमानाच्या तिकिटाला लाख रुपये लागले तरी आपण हूं की चूं न करता भरतो. पण तिथल्या एखाद्या फळवाल्यानं वीस रुपये कमी परत दिले की अख्ख्या दिवसाचा विचका होतो. नवरा-बायकोत अबोला धरला जातो, सोबतची मंडळी अवघडतात आणि ज्यासाठी एवढा खर्च करून गेलो ते देऊळ, तो समुद्र, तो किल्ला धड बघितलाच जात नाही.

मी नोकरीभर एसटीत वाहक होतो. कोपरापर्यंत बॅग लटकवून गर्दीत उभं राहायचं आणि दर चार माणसांमागं एकाशी सुट्ट्यांवरून बोलायचं, हेच काम. आता आमच्या पुंडलिकनगर वस्तीत दर गल्लीत कुणाचं ना कुणाचं लेकरू बाहेरदेशी आहे. कुणी दुबईत नोकरीला, कुणी जर्मनीत शिकायला, कुणी बँकॉक-व्हिएतनामच्या सहलीला निघालेलं. आईबापही नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जाऊन येतात. जाणारं कुणी पाया पडायला आलं की मी त्याला पाच-दहा गोष्टी सांगतो. त्याच इथं लिहून ठेवतो.

सगळ्याचं सार आधीच सांगतो. मोडीचा वाद जिंकायचा नसतो, तो होऊ द्यायचा नसतो. आणि तो होऊ न देण्याची वेळ नोट आपल्या हातातून सुटण्याआधीची असते, नंतरची नाही.

पहिला मंत्र : भाव विचारण्याआधी पैसा कुठला ते विचारा

परक्या पैशाशी व्यवहार मराठवाड्याला नवा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला परमुलूख गाठायला विमान लागत नव्हतं. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द संपायची आणि नगर जिल्ह्यात इंग्रजांची सुरू व्हायची. अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार. दोन्ही रुपयेच. पण सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली व्हायचे. पलीकडच्या नेवाशाच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी एकच गोष्ट विचारायचा, “हाली का कलदार?” हे न विचारता सौदा केला की शंभर रुपयांच्या बैलामागं सोळा-सतरा रुपयांचं भांडण ठरलेलं. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. तो पूर्ण बंद व्हायला १९५९ साल उजाडलं. म्हणजे आपल्याकडं एका बाजारात दोन रुपये चालताना बघितलेली माणसं अगदी काल-परवापर्यंत होती.

हाच प्रश्न आज काठमांडूत विचारायचा आहे. पशुपतिनाथाला जाणारी आपली मंडळी तिथं फार बिनधास्त असतात, कारण पाट्या देवनागरीत, नोटेवरचे आकडे देवनागरीत आणि दुकानदाराला हिंदी येतं. त्यामुळं रुद्राक्षाची माळ “आठशे रुपये” म्हटली की आपण आपले आठशे समजतो. नेपाळचा रुपया वेगळा आहे. १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये असा भाव बांधलेला आहे. म्हणजे त्यांचे आठशे ते आपले पाचशे. तिथं “आयसी का एनसी?” असं विचारतात, म्हणजे भारतीय का नेपाळी. माळ हातात घेण्याआधी हे विचारा आणि मोड कुठल्या पैशात मिळणार तेही विचारून घ्या. भारतीय नोट देऊन नेपाळी मोड घेताना दीडपटीचा नव्हे, १.६ चा हिशोब करा. आपल्या कुठल्या नोटा तिथं चालतात याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी खात्री करून घ्या.

कंबोडियात अंकोरवाट बघायला गेलात तर भाव डॉलरमध्ये सांगतात आणि डॉलरच्या आतली मोड त्यांच्या रियेलमध्ये देतात. एका डॉलरला साधारण चार हजार रियेल धरतात. अर्धा डॉलर परत यायचा असेल तर दोन हजारांची नोट हातात पडेल. ती बघून दचकू नका आणि श्रीमंत झालो असंही समजू नका.

आखातात आणखी एक गोष्ट. कुवेत आणि बहरीनच्या दिनारचे आणि ओमानच्या रियालचे शंभर नाही, हजार भाग असतात. त्यामुळं किंमत दशांशानंतर तीन आकडी लिहितात. ०.२५० म्हणजे पाव दिनार. तिथं पहिल्या दिवशी निवांतपणे चार पाट्या वाचा, मग खिशात हात घाला.

दुसरा मंत्र : चिल्लर बरोबर असू द्या

एक गोष्ट मनात पक्की करा. “सुट्टे नाहीत” म्हणणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. दौलताबादच्या किल्ल्याखाली सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया बघा. सकाळी भवानीही झालेली नसते आणि गाडीतून उतरलेला पाहुणा पाचशेची नोट पुढं करतो. तिच्या कनवटीला तेवढे पैसेच नसतात. ती शेजारणीकडं बघते, शेजारीण चहाच्या टपरीकडं धावते आणि पाहुण्याला वाटतं, ही मुद्दाम वेळ काढते आहे. तुम्ही बँकॉकच्या बाजारात सकाळी आठला हजार बाहतची नोट काढता, तेव्हा तुम्ही तो पाहुणा असता. भवानीचं महत्त्व तिथल्या विक्रेत्यांनाही आहे. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे मालाला लावून शुभ शकुन करताना तिथले लोक दिसतील.

म्हणून चिल्लर जमवणं हे आपलं काम समजा. इथं परकीय चलन घेताना देणारा मोठ्याच नोटा पुढं करतो, कारण त्याला मोजायला सोपं. तुम्ही लहान नोटा मागून घ्या. तिथं उतरल्यावर पहिली मोठी नोट हातगाडीवर मोडू नका. ती मोठ्या किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मोडा. ज्यांच्याकडं गल्ला भरलेला असतो आणि पावती मिळते, तिथं मोठी नोट. जिथं टोपली असते, तिथं छोटी नोट.

नोटा नीट ठेवा. डॉलरच्या फाटक्या, शाई लागलेल्या नोटा कंबोडियासारख्या देशात घेत नाहीत. त्यावरून हुज्जत घालू नका. आपल्याकडं दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं ते आठवा. ते खोटं आहे अशी आवई उठली आणि दुकानदार घेईनासे झाले. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. तरी दुकानदार कचरत राहिले. कारण नाणं खरं आहे का हा त्यांचा प्रश्नच नव्हता, पुढचा माणूस आपल्याकडून घेईल का ही त्यांची भीती होती. परदेशातला गाडेवालाही त्याच भीतीनं तुमची नोट परत करतो. दुसरी द्या आणि पुढं चला.

सोबत चार-पाच जण असाल तर एसटीतली रीत वापरा. वाहकाकडं पन्नास-पन्नास सुट्टे नसले की तो दोन प्रवाशांना मिळून शंभराची एक नोट देतो आणि म्हणतो, “खाली उतरून वाटून घ्या.” तसंच तुम्ही सगळ्यांच्या शहाळ्यांचे पैसे एकानं एकदम द्या आणि हिशोब मुक्कामी करा. विक्रेत्याचीही सोय होते.

तिसरा मंत्र : नोटेशी आधी ओळख करून घ्या

पहिल्या रात्री मुक्कामावर सगळ्या नोटा आणि नाणी अंथरुणावर मांडा. लेकरंही बसवा. कुठली कुणासारखी दिसते ते हुडका.

व्हिएतनामला जाणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये. तिथली वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. दिव्याच्या अंधूक उजेडात, घाईत, वीस हजार समजून पाच लाख देणारे पुष्कळ आहेत. पंचवीसपटीचा फरक आहे. ही दुकानदाराची लबाडी नाही, आपल्या डोळ्यांची चूक आहे, पण एकदा नोट गल्ल्यात गेली की सिद्ध करणं अवघड. म्हणून पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. तिथं बोलताना हजार गाळतात हेही ध्यानात ठेवा. “पन्नास” म्हटलं की पन्नास हजार.

दुबईत नोटेची एक बाजू इंग्रजीत असते, पण नाण्यांवर आकडे अरबी असतात. त्यात एक घोटाळा आहे. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात वरून उघडा, आठ खालून उघडा. पन्नास फिल्सच्या नाण्यावर एक गोल आणि एक ठिपका असतो, आणि नाण्याला सात कडा असतात. पंचवीस फिल्सवर हरीण आहे, एका दिरहमवर कॉफीची सुरई. ही तीन नाणी ओळखता आली की झालं, कारण रोजच्या व्यवहारात त्याहून लहान नाणं क्वचितच दिसतं.

चौथा मंत्र : नोट बोलून द्या, मोड चढती मोजा

हा माझ्या धंद्यातला मंत्र आहे आणि सगळ्यांत मोलाचा आहे.

जुना वाहक कधीही प्रवाशाची नोट घेतल्या घेतल्या बॅगेत टाकत नाही. ती उभी दुमडून डाव्या हाताच्या दोन बोटांत धरतो, तोंडानं म्हणतो, “शंभर दिले बरं का,” मग तिकीट देतो, मग मोड देतो आणि त्यानंतर नोट बॅगेत जाते. मधेच कुणी म्हणालं, “मास्तर, मी पाचशे दिले होते,” तर काही बोलावं लागत नाही. नोट बोटांत उभी असते, ती दाखवायची. पाठीमागच्या बाकावरच्या चार माणसांनीही “शंभर” ऐकलेलं असतं.

तुम्ही गिऱ्हाईक आहात, म्हणून उलट्या बाजूनं हेच करा. नोट देताना तिची किंमत मोठ्यानं बोला. इंग्रजीत बोला, त्यांच्या भाषेत आलं तर उत्तमच. एक ते दहा, शंभर आणि हजार एवढे शब्द विमानात बसल्या बसल्या पाठ होतात. बोलून नोट समोर क्षणभर धरा, त्याची नजर नोटेवर पडू द्या, मग सोडा. एका वेळी एकच नोट द्या. पाकीट उघडं धरून “तूच घे बाबा यातले” असं कधीही म्हणू नका, नाण्यांच्या बाबतीतही नाही. त्यात तुमचाही हिशोब जातो आणि त्याच्यावरही उगाच आळ येतो.

भाव भाषेमुळं कळत नसेल तर मोबाईलवर आकडा टाइप करून त्याला दाखवा, किंवा त्याच्या कॅल्क्युलेटरवर मागा. भाव ठरला की तो आकडा दोघांनी बघितलेला असला पाहिजे. रिक्षा-टॅक्सीत बसण्याआधी हे करा, उतरताना नाही. आणि टॅक्सीतून उतरताना डिकीतल्या बॅगा आधी खाली घ्या, मग पैसे द्या.

मोड मोजायची ती चढती मोजा. आता पोरं वजाबाकी करतात आणि अडखळतात. जुना दुकानदार वजाबाकी करत नाही. सदतीसचा माल, शंभराची नोट. तो तीन रुपये हातावर ठेवतो, म्हणतो “चाळीस”, दहा ठेवतो, “पन्नास”, मग पन्नास ठेवतो, “शंभर”. हातावर त्रेसष्ट जमले, हे मोजण्याची गरजच पडली नाही. ही रीत जगात कुठंही चालते. विक्रेता एकदम मूठभर नाणी देत असेल तर तिथंच, त्याच्यासमोर, हात उघडा ठेवून चढत मोजा. यात लाजण्यासारखं काही नाही. काही विक्रेते मोड हप्त्यानं देतात. आधी नाणी देतात आणि थांबतात. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. तुम्ही हात मागं घेऊ नका, हसून उभे राहा. बाकीची नोट येते.

जपानात आणि जर्मनीत गल्ल्याजवळ एक छोटा ट्रे किंवा तबकडी असते. पैसे हातात न देता त्यात ठेवतात, मोडही त्यातच येते. आपल्याला हे तुटक वाटतं, पण त्यात मोठं शहाणपण आहे. दोघांचे पैसे दोघांच्या नजरेसमोर राहतात. जपानी दुकानदार नोटा तुमच्या समोर पुन्हा मोजून दाखवतो. जिथं ट्रे नाही तिथं तुमचा उघडा तळहात हाच ट्रे समजा.

पाचवा मंत्र : रीत आणि लबाडी यांत गल्लत करू नका

परदेशातल्या निम्म्या तक्रारी फसवणुकीच्या नसतातच. तिथली रीत ठाऊक नसल्यानं त्या उद्भवतात आणि बिचाऱ्या प्रामाणिक माणसाला आपण चोर ठरवून येतो.

कॅनडात फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटचं नाणं वाटणं बंद झालं. रोखीचं बिल तिथं पाच सेंटच्या पटीत करतात. शेवटी एक-दोन आले तर खाली, तीन-चार आले तर वर. कार्डानं भरलं तर पूर्ण रक्कम लागते. ऑस्ट्रेलियातही एक-दोन सेंटची नाणी १९९२ पासून गेली आणि तीच रीत आली. तिथं दोन सेंट कमी मिळाले म्हणून गल्ल्यावर अडून बसू नये. आपल्या एसटीनंही जून २०१८ च्या भाडेवाढीत तिकिटं पाचच्या पटीत आणली, ती सुट्ट्यांची रोजची कटकट मिटावी म्हणूनच. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हाही हेच झालं होतं. एक आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नवे पैसे, पण तक्त्यात धरायचे सहा. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. पाव पैशाचं नाणंच नव्हतं, करणार काय. हिशोबातला अपूर्णांक कुणाच्या तरी पदरात पडतोच. नियम सगळ्यांना सारखा असला म्हणजे ती लूट होत नाही.

अमेरिकेत मालावर चिकटवलेली किंमत आणि गल्ल्यावरची किंमत वेगळी असते, कारण विक्रीकर गल्ल्यावर लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. दहा डॉलरच्या खेळण्याला दहा डॉलर सहासष्ट सेंट पडतात. किराणा आणि कपड्यांवर तिथं बहुतेक वेळा कर नसतो, म्हणून एकाच दुकानात एका वस्तूवर लागतो आणि दुसरीवर नाही. आईबापांनो, यावरून सुनेसमोर गल्ल्यावरच्या पोरीला बोलू नका.

जर्मनीत पाण्याची बाटली घेतली की पाटीवरच्या किमतीहून २५ सेंट जास्त लागतात. ती बाटलीची अनामत आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी येते आणि तेवढे पैसे परत मिळतात. आठ दिवसांच्या बाटल्या साठवल्या तर एका जेवणाची सोय होते.

तिथलीच आणखी एक गोष्ट. आपली मुलं संस्कारी, नोट देताना “धन्यवाद” म्हणतात. जर्मनीतल्या हॉटेलात बिलाचे पैसे हातात देता देता आभार मानले तर वेटर समजतो की वरचे पैसे मला ठेवायला सांगितले. तो मोड आणत नाही आणि आपण वाट बघत बसतो. बिल १८.४० चं असेल आणि वीसची नोट देणार असाल तर आधी किती घ्यायचे तो आकडा सांगा. आभार मोड हातात आल्यावर माना.

कार्डाच्या यंत्रावर कधी विचारतात की रुपयांत घ्यायचे की तिथल्या चलनात. तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की अदलाबदलीचा भाव ते यंत्र लावतं आणि तो बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या भावापेक्षा महाग पडतो. हॉटेलच्या बिलाला हा फरक गाडीवरच्या दहा वादांपेक्षा मोठा असतो.

सहावा मंत्र : वाद झालाच तर

एवढं करूनही एखाद्या दिवशी गाठ पडतेच. तेव्हा क्रम असा ठेवा.

जागा सोडू नका. दहा पावलं पुढं जाऊन परत आलात की बोलणं संपलं. हातात आलेली मोड खिशात टाकू नका. तशीच तळहातावर ठेवा, माल गाडीवर परत ठेवा, ठरलेल्या भावाचा मोबाईलवरचा आकडा दाखवा आणि बोटानं दिलेल्या नोटेकडं खूण करा. एकच वाक्य, हळू आवाजात, दोनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणायचं तर आवाज चढतोच, म्हणून तिसऱ्यांदा म्हणू नका. “तू चोर आहेस” असं कधीही नाही. “हिशोबात काही राहिलंय का, बघता का?” असं विचारा. माणसाला चूक सुधारायला वाट ठेवली की तो सुधारतो. चारचौघांत चोर म्हटलं की खरा चुकलेला माणूसही अडून बसतो. एसटीत मी हे किती वेळा बघितलं. प्रवाशानं “मास्तर, दहा राहिले वाटतं” म्हटलं तर वाहक लगेच बॅगेत हात घालतो. “दाबून ठेवले काय?” म्हटलं की पुढच्या थांब्यापर्यंत भांडण.

थायलंडमध्ये आरडाओरडा करणाऱ्याची बाजू खरी असली तरी पडते, कारण तिथं आवाज चढवणं हेच असभ्य मानतात. रागानं नोट फेकणं, नाण्यावर पाय देणं तर मुळीच नको. तिथल्या पैशांवर राजाचं चित्र असतं आणि राजाचा अवमान हा गंभीर गुन्हा आहे. दुबईत शिवी देणं, अश्लील हावभाव करणं, परवानगीशिवाय एखाद्याचं चित्रीकरण करणं हे गुन्हे आहेत. इथल्यासारखा मोबाईल काढून “थांब, तुझा व्हिडिओच टाकतो” असं तिथं केलं तर पाच दिरहमच्या वादात तुम्हीच आरोपी व्हाल.

गाडेवाल्याच्या गल्ल्याला, त्याच्या अंगाला हात लावू नका. “मागच्या गल्लीत माझा भाऊ आहे, तिथं सुट्टे मिळतील, चला” असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. त्याला जाऊन आणू द्या, किंवा शेजारच्या दुकानात तुम्ही स्वतः काहीतरी घेऊन मोड करून आणा. रक्कम खरंच मोठी असेल, पाच लाख डाँगची नोट वीस हजारांची म्हणून घेतली असेल, तर मात्र पावती मागा, गर्दीच्या जागी उभे राहा आणि पोलिसांची मदत घ्या. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांचा क्रमांक ११५५. जिथं जाल तिथला असा क्रमांक जाण्याआधी लिहून ठेवा.

सातवा मंत्र : सोडायची मर्यादा घरीच ठरवा

रागाच्या भरात मर्यादा ठरत नाही, म्हणून ती घरून ठरवून न्या. माझं सांगणं असं की दोन चहाच्या पैशांएवढी रक्कम असेल तर दोनदा हळू आवाजात विचारा आणि सोडा. त्याहून मोठी असेल तर थांबा, शांतपणे पाठपुरावा करा. नवरा-बायको दोघंही निघण्याआधी या आकड्यावर एकमत करा, म्हणजे भर बाजारात एकमेकांत वाद होणार नाही.

सोडणं म्हणजे हरणं नाही. परदेशातला तुमचा एक तास किती रुपयांचा पडतो ते काढून बघा. पण सोडायचं तर मनातूनही सोडा. मुक्कामी येऊन पुन्हा तीच गोष्ट उगाळायची असेल तर तो वाद अजून चालूच आहे असं समजा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. मोड जास्त आली तर तिथल्या तिथं परत करा. एसटीत ट्रिप संपल्यावर वाहकाची रोकड तिकिटांच्या हिशोबापेक्षा कमी भरली तर ती त्याच्या पगारातून जाते. दुबईत गल्ल्यावर उभा असलेला केरळचा किंवा नेपाळचा पोरगाही कुणाचा तरी नोकरच आहे. कमी मिळाल्यावर बोलण्याचा हक्क जास्त आलेलं परत करणाऱ्यालाच शोभतो.

आठवा मंत्र : निघण्याआधी इथंच सराव करा

तुमच्या पिढीची एक अडचण आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि बघता बघता आपल्या इथला पाणीपुरीवालाही पाटी लावून बसला. बारा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी बरोबर बारा जातात. मोड उरतच नाही. दहावी-बारावीची मुलं अशी आहेत की ज्यांनी नोट देऊन मोड मोजून घेतलेलीच नाही. सिंगापूर, दुबई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, फ्रान्स इथं काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण हातगाडीवर, रात्रबाजारात, देवळाबाहेरच्या फुलवालीकडं रोखच लागते. आणि वादही नेमका तिथंच होतो.

म्हणून तिकीट काढलं की निघण्याआधी आठ दिवस मोबाईलनं पैसे देणं बंद करा. पुंडलिकनगरच्या रस्त्यावर भाजी रोखीनं घ्या. गुरुवारी छावणीच्या आठवडी बाजारात जा, रविवारी जाफर गेटच्या बाजारात जा. गर्दीत, उन्हात, हातात दोन पिशव्या असताना नोट बोलून द्या, मोड चढती मोजा, राहिलेले दोन रुपये हळू आवाजात मागा, नाही मिळाले तर सोडून बघा. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून मोठी नोट घेऊन जाऊ नका, ही सवय इथंच लावा. लेकरांना बरोबर न्या आणि मोड त्यांच्याकडून मोजून घ्या. आठ दिवसांत हात आणि जीभ दोन्ही वळणावर येतात. मग हनोई असो की हॅम्बुर्ग, गल्ल्यासमोर उभं राहायला कुणाचा आधार लागत नाही.